नळ बंद, हीटर चालू: स्पितीच्या हिवाळ्यासाठी घरगाडीची तयारी

13 ऑक्टोबर 2024

काल दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार पडला, आज लगेच पाना हातात. गाडी म्हणजे सतरा सीटची डिझेल मिनीबस, बीएस-6. सीटा काढून आत चार जणांची झोपायची सोय, ओटा, सिंक, 70 लिटरची पाण्याची टाकी आणि छतावर दोन सोलर पॅनल. हे सगळं बांधलं ते कोकण, कच्छ, हंपी डोळ्यासमोर ठेवून. म्हणजे आजवरची सगळी अक्कल उकाड्याशी लढण्यात गेली. पंखे, जाळ्या, पडदे, पांढरं छप्पर.

जानेवारीत जायचंय हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात: शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो करत काझापर्यंत. मनालीकडून जाता येत नाही, कुंझुम खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद असते. किन्नौरकडचा रस्ता मात्र सीमा रस्ते संघटनेची माणसं जमेल तसा चालू ठेवतात. काझा साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे. रात्री पारा उणे 20 पर्यंत जातो, कधी त्याच्याही खाली.

ज्याला सांगावं तो विचारतो, हीटर कुठला घेतलास? माझ्या मते तो नंतरचा प्रश्न. वहीच्या पहिल्या पानावर मी एकच शब्द लिहिलाय: पाणी. टाकीतलं, पंपातलं, नळातलं, सिंकच्या यू-पाइपमधलं, रेडिएटरमधलं, ॲडब्लूमधलं (इंजिनाचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रावण), आणि चार माणसांच्या श्वासातून काचेवर येणारं. थंडी माणसाला पांघरुणात झेपते. गाडी मोडते ती पाण्याने.

20 ऑक्टोबर

आतलं प्लायवूड उतरवलं. मागची ग्लासवूल ओल धरून खाली बसलेली, वरचा अर्धा भाग रिकामा. ओली ग्लासवूल ऊब धरत नाही आणि पत्र्याला गंज चढवते. सगळी पोत्यात भरली.

तिच्या जागी 20 मिलिमीटरचं नायट्राइल रबर. एसीच्या डक्टवर चिकटवतात ती काळी शीट. तिच्या पेशी बंद असतात, त्यामुळे पाणी शोषलं जात नाही. एका डक्टिंगवाल्याकडे उरलेले रोल स्वस्तात मिळाले. चिकटवताना पत्रा आधी थिनरने पुसायचा आणि शीट मधून कडेकडे दाबत जायचं. मागे हवेचा फुगा राहिला तर तिथेच ओल साचणार.

संध्याकाळी कागदावर हिशेब मांडला. भिंती, छप्पर, फरशी मिळून साधारण 40 चौरस मीटर. आत 18 अंश, बाहेर उणे 20, फरक 38. दर चौरस मीटरला, दर अंशाला 1.6 वॉट गळती धरली. शीट लावलेल्या सपाट भागाचा आकडा याहून चांगला आहे, पण बॉडीच्या लोखंडी फासळ्या उष्णता थेट बाहेर पोचवतात. झाले 2,432 वॉट. काचा फक्त 4 चौरस मीटर, पण एकेरी काचेची गळती 5.7, म्हणजे आणखी 866 वॉट. एकूण 3,300 च्या घरात. क्षेत्रफळात काचा अकरावा हिस्सा, गळतीत मात्र चौथा. काचांचं काम वाढलं.

27 ऑक्टोबर

पुण्यात उणे तापमान आणायचं कुठून? घरच्या फ्रीजरमध्ये उणे 18 मिळतं. आईचा फराळासाठी खोवून ठेवलेला नारळ शेजाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये हलवला आणि प्रयोगशाळा उघडली. आईचं म्हणणं एवढंच, की फ्रीजर दोनदा सोड्याने पुसल्याशिवाय त्यात परत काही ठेवणार नाही. डिझेलची बाटली तीन पिशव्यांत आणि वर डबा, तरी वास आलाच. तेव्हा तिचं बरोबर आहे.

आत ठेवलं: दोन्ही टोकं बंद करून पाणी भरलेले सीपीव्हीसी (कडक प्लास्टिक) आणि पेक्स (लवचिक प्लास्टिक) पाइपचे तुकडे, एका बाटलीत ॲडब्लू, दुसरीत पुण्याच्या पंपावरचं डिझेल.

सकाळी काढलं तर सीपीव्हीसी उभा चिरलेला, टोकापासून टोकापर्यंत, नखाने चाचपता येईल अशी चीर. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि या पाइपला तेवढं ताणता येत नाही. पेक्स फुगला, पण वितळल्यावर मूळ मापावर आला. त्याच्या टोकाच्या पितळी फिटिंगमधून मात्र थेंब गळायला लागला होता. म्हणजे नुसता पाइप बदलून भागणार नाही, सांधे तसेच राहतात.

ॲडब्लूचा पांढरा दगड झाला. त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी पाणी, गोठतं उणे 11 ला. त्याची काळजी कंपनीने घेतलेली असते: टाकीत तापवायची सोय आणि इंजिन सुरू झाल्यावर ते वितळेपर्यंतची सवलत. आपण फक्त टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही.

डिझेल बघण्यासारखं होतं. थंडीत खोबरेल तेलाची बाटली दिसते तसं: वर गढूळ, खाली पांढरा थर, बाटली आडवी केली तरी हलायला तयार नाही. डिझेलमधलं मेण आधी फिल्टरला बसतं आणि इंजिन उपाशी मरतं. साध्या डिझेलला भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याची मर्यादा हिवाळ्यात 6 अंश आणि उन्हाळ्यात 18 अंशांपर्यंत चालते. पुण्याला ती पुरते. म्हणून एक गोष्ट पक्की: सपाटीवरचं डिझेल टाकीत घेऊन वर जायचं नाही.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

मेहुणा ओवाळून घ्यायला आला आणि ताट उचलायच्या आत गाडीखाली शिरला. चाकणला नोकरी, विजेच्या कामात पक्का. त्याचा प्रस्ताव: “दाजी, टाकीला हीटिंग पॅड, पाइपांना हीटिंग केबल. विषय संपला.”

विषय संपत नाही. केबल 9 मीटर लागेल, मीटरला 12 वॉट धरले तर 108. पॅडचे 70. एकूण 178 वॉट, आणि जानेवारीतली रात्र 14 तासांची. अडीच युनिट झाले. आमची 200 अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरल्यावर तेवढीच असते. म्हणजे सगळी वीज पाइपांनी खायची आणि हीटरचा पंखा, दिवे, फोन यांनी उपवास करायचा. कॅनडा-अमेरिकेतले हिवाळी कॅम्पिंगवाले पॅड आणि तापणारी नळी सर्रास वापरतात, पण तिथे कॅम्पग्राउंडवर गाडीशेजारी विजेचा खांब असतो. आपण होमस्टेच्या अंगणात उभे राहणार. वीज असली तर असली.

माझा प्रस्ताव: चंडीगड सोडलं की नळच बंद. टाकी रिकामी, सगळे नळ उघडे, कॉम्प्रेसरने 2 बारवर पाइप फुंकून काढायचे, पंप सोडवून आत कपाटात. यू-पाइपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल ओतायचं. रेडिएटरचा कूलंट नाही, त्यात सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी. प्यायचं-वापरायचं पाणी 20 लिटरच्या जारमध्ये, गाडीच्या आत, हीटरच्या झोताजवळ, वर चार बोटं जागा सोडून.

“एवढी गाडी बांधली आणि तांब्या-बादली?”

यावर बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “तांब्या फुटला तर नवा मिळतो. तुझा पंप काझात कोण देणार आहे?”

संडासही कोरडा: बादली, लाकडाचा भुसा, लघवीचं भांडं वेगळं. स्पितीतल्या घरांमध्ये हिवाळ्यात कोरडे संडासच वापरतात, मग आपण कोण लागून गेलो? भुसा टिंबर मार्केटमधून दोन पोती. मेहुणा बासुंदी संपेपर्यंत गप्प होता. पटलेलं नाही.

10 नोव्हेंबर

हीटर बसवला. 5 किलोवॉटचा, डिझेलवर चालणारा. भोसरीच्या फॅब्रिकेटरने खालून पत्रा कापताना विचारलं, “साहेब, माणसं एसी बसवायला येतात. तुमचं काय हे?”

गॅसच्या शेगडीवर गाडी तापवायचा विचार मुळात नव्हता. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते आणि ती सगळी आतच राहते. डिझेल हीटर ज्वलनाची हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो, आत येते ती फक्त कोरडी गरम हवा. म्हणजे हीटरची निवडही पाण्यामुळेच झाली.

उंचीची गोष्ट वेगळी. 3,600 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापेक्षा थोडा कमी. इंधन तेवढंच आणि हवा कमी, म्हणजे काजळी. उंचीसाठी इंधनाचा पंप मंद करायची सोय असलेलं मॉडेल मुद्दाम घेतलं. तिथे हाच हीटर 5 ऐवजी साडेतीन किलोवॉटच देईल असं धरलंय. वरचा हिशेब 3,300 चा आहे, म्हणजे फार ऐसपैस नाही.

सुरू होताना ग्लो प्लग, म्हणजे इंधन पेटवणारी तापती कांडी, 8-10 अँपिअर ओढतो, नंतर पंख्याला 20-30 वॉट. डिझेल तासाला सरासरी तिसरा हिस्सा लिटर, म्हणजे 14 तासांच्या रात्रीला साडेचार-पाच लिटर. त्याला 10 लिटरची स्वतंत्र टाकी दिली.

धुराड्याचं तोंड दारापासून लांब, मागच्या कोपऱ्यात. बर्फात गाडी रुतली तर ते बुजू शकतं, तेव्हा रोज झोपायच्या आधी वाकून बघायचं. कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म, एक उशाशी. मोनॉक्साइड चढला तर डोकं दुखतं, मळमळतं, आणि उंची लागली तरी नेमकं तेच होतं. साडेतीन हजार मीटरवर ‘विरळ हवेने होतंय’ म्हणून माणूस पुन्हा झोपून जातो. इथे अंदाजाला जागा नाही.

17 नोव्हेंबर

बॅटरी फरशीखालच्या पेटीतून काढून बेडखाली आणली. लिथियम आयर्न फॉस्फेट शून्याखाली वीज देते, पण शून्याखाली चार्ज करायची नाही. आत धातूचा थर साचून ती कायमची खराब होते. बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये, थंडीत चार्जिंग तोडणारा कट-ऑफ आहे, तो बर्फाच्या पिशव्या ठेवून तपासला. तोडतो.

सोलरचं एक फार जणांना माहीत नसतं. थंडीत पॅनलचा व्होल्टेज वाढतो, अंशाला साधारण 0.3 टक्के. 25 अंशांवर छापलेला आकडा उणे 15 ला 12 टक्क्यांनी वर. आमची दोन पॅनल सिरीजमध्ये चार्ज कंट्रोलरच्या मर्यादेला टेकत होती, म्हणून पॅरललमध्ये घेतली. तसंही दरीत ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. खरा भरवसा गाडीच्या अल्टरनेटरवर.

24 नोव्हेंबर

गॅरेज. कूलंट मापून पाहिला तर नुसता रंगीत पाणी म्हणावा असा पातळ, कोणीतरी वेळोवेळी नळाचं पाणी ओतलेलं. सगळा काढून अर्धा कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. हे मिश्रण उणे 37 पर्यंत तग धरतं. ऑइल 15डब्लू-40 ऐवजी कंपनीच्या यादीतलं, थंडीत जास्त पातळ राहणारं 5डब्लू. 15डब्लू उणे 20 ला इंजिन फिरवू देतं, पण तिथेच त्याची हद्द.

डिझेलसाठी मिस्त्रींचा जुना सल्ला: “थोडं रॉकेल टाका, पूर्वी आम्ही हेच करायचो.” पूर्वीचे पंप वेगळे. आजच्या कॉमन रेल इंजिनाच्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं, आणि डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं बेकायदा आहे ते वेगळंच. इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसारख्या भागांसाठी पानिपतच्या रिफायनरीतलं हिवाळी डिझेल आणलं, ते उणे 33 पर्यंत वाहतं. पण ते वाटेत मिळेलच असं धरून निघायचं नाही. मेण रोखणारं ॲडिटिव्ह घेतलंय. ते डिझेल गढूळ होण्याआधी टाकायचं असतं, नंतर ओतून उपयोग शून्य. डिझेल फिल्टरही नवा, शिवाय एक जादा. फिल्टरखालचं पाणी सोडून घेतलं.

15 डिसेंबर

महाबळेश्वर, वेण्णा तलावाजवळ रात्र काढली. चौघं आत, मुद्दाम सगळं घट्ट बंद. बाहेर पहाटे 7 अंश. हीटरने आत 20 सहज ठेवले.

सकाळी टॉर्च मारून पाहिलं. छताच्या प्लायवर थेंबांच्या सरळ रांगा, हातभर अंतरावर एकेक. जवळून पाहिलं तर प्रत्येक थेंब एका स्क्रूच्या डोक्यावर. स्क्रू फासळीत गेलेला, फासळी बाहेरच्या पत्र्याला भिडलेली, तेव्हा गाडीचा सांगाडा पाण्याने आखून दिल्यासारखा दिसत होता. काचांच्या खाली पन्हळीत बोटभर पाणी. चार माणसं रात्रभरात लिटरभर तरी वाफ सोडतात, ती कुठेतरी बसणारच. उणे 20 मध्ये हेच स्क्रू पांढरे होतील आणि गादीच्या खालून ओल येईल.

घरी येऊन प्लाय परत उतरवलं. फासळ्यांवर नायट्राइलचा आणखी एक थर, स्क्रूंना प्लास्टिकच्या टोप्या, गाद्यांखाली लाकडी पट्ट्यांची जाळी.

22 डिसेंबर

काचांना आतून पॉलिकार्बोनेटची पोकळ शीट, कडेला रबर, चुंबकाने बसणारी. रात्री त्यावर बबल फॉइलचे मापात कापलेले तुकडे. ड्रायव्हर केबिन आणि मागच्या भागात जाड गोधडीचा पडदा. गोधडी आजीची, तिच्यापुढे बाजारातलं काही टिकत नाही.

आता लोकांना न पटणारी गोष्ट: छताचा पंखा रात्रभर बोटभर उघडा ठेवायचा. 18 अंशांची हवा घनमीटरला 15 ग्रॅम बाष्प धरते, उणे 15 ची जेमतेम दीड. बाहेरची हवा आत येऊन तापली की ती तहानलेली असते, ओल पिऊन बाहेर जाते. थोडं डिझेल जास्त जळेल, जळू दे.

5 जानेवारी 2025

भरलं: बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या (एकदा अंगणात चढवून-उतरवून पाहिल्या), फावडं, चाकाला लावायचे ठोकळे, प्रेशर कुकर. तिथे पाणी 88 अंशांच्या आसपास उकळतं, डाळ उघड्या पातेल्यात शिजायची नाही. टायरची हवा वर गेल्यावर सकाळी थंड असताना मोजायची. दर 5-6 अंशांना एक पीएसआय उतरतं.

14 जानेवारी, नारकंडा

संक्रांत. नळ कालच बंद केले. कॉम्प्रेसर मारल्यावर सिंकच्या नळातून शेवटी नुसती फुसफुस, मग ग्लायकॉल. रात्री उणे 4. तिळगूळ दगड झाला, बाकी सगळं ठीक.

17 जानेवारी, नाको

रामपूरला टाकी जवळजवळ रिकामी करून स्थानिक डिझेल आणि ॲडिटिव्ह भरलं. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून वर चढ. रात्री उणे 14.

छोट्या सिलिंडरवरची शेगडी बाहेर पेटेचना. आपल्या घरगुती गॅसमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन दोन्ही असतात. प्रोपेनची उणे 42 पर्यंत वाफ होते, ब्यूटेनची शून्याच्या जरा खालीच अडते. सिलिंडर तासभर आत ठेवल्यावर नीट जळला. चहा आत केला, पंखा पूर्ण उघडून.

काचांवर ओल नाही. स्क्रू कोरडे. दाराच्या खालच्या रबरावर मात्र बर्फाची रेघ.

हँडब्रेक ओढलेला नाही. केबल गोठली की सकाळी सुटत नाही. गिअरमध्ये, चाकाला ठोकळे.

19 जानेवारी, काझा

रात्री उणे 22. गावातले ड्रायव्हर पहाटे उठून इंजिन चालवतात, ट्रकवाले डिझेलच्या टाकीखाली स्टोव्ह लावतात. गावचे नळ गोठलेले, होमस्टेच्या मावशी बुखारीवर (खोली तापवायच्या लोखंडी शेगडीवर) बर्फ-पाणी तापवतात. त्यांनी आमचे जार भरून दिले. मेहुण्याने काही न बोलता तांब्या घेतला.

पहाटे चारच्या सुमारास हीटरने आवाज बदलला आणि विझला. आत 16 वरून 9. एरर इंधनाचा. हीटरच्या टाकीतून पंपाकडे जाणारी नळी काडीएवढी बारीक आणि दीड मीटर उघडी, फरशीखाली. ॲडिटिव्ह असूनही त्या बारीक नळीत मेण धरलं. मोठ्या टाकीतलं डिझेल मात्र वाहतं होतं. इंजिन दोन झटक्यांत सुरू झालं. नळीवर गरम पाण्याची पिशवी बांधली, वर लोकरीचा मोजा. पंधरा-वीस मिनिटांत हीटर पेटला.

मेहुणा मोबाइलवर आकडेमोड करत होता. “दाजी, दीड मीटर केबल. अठरा वॉट.”

2 फेब्रुवारी, पुणे

हीटर उघडला. बर्नरवर काजळी आहे, पण खरवडून निघते; जाळी बदलली. नळांची लाइन दोनदा धुऊन ग्लायकॉल काढलं, पंप परत बसवला, कुठेही गळती नाही.

हीटरच्या इंधन नळीला 12 व्होल्टची केबल लावली, दीड मीटर, थर्मोस्टॅटसह. मेहुण्याने सगळा 10 मीटरचा रोल आणलाय आणि उरलेली पाण्याच्या पाइपांना लावू म्हणतोय. उरलेली दुकानात परत जाणार आहे. दाराचं खालचं रबर काढलं. नवं पोकळ, जाड प्रोफाइलचं बोहरी आळीत बघायचं आहे, मंगळवारी.